छोटा हत्ती की मोठा हौदा?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याचा अमेरिकेहून फोन आला. तो टेक्सासमध्ये नोकरी करतो. फराळाचं पार्सल पोचलं का, थंडी पडली का, वगैरे झाल्यावर म्हणाला, "काका, पिकअप घ्यायचीय. मधली घेऊ की मोठी?"

मी म्हटलं, "अरे, तू कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. तुला टेंपो कशाला हवा?"

तो हसला. तिकडे म्हणे पिकअप ही घरची गाडी असते. पुढे चार-पाच माणसं ऐसपैस बसतात, मागे उघडा हौदा. सोमवार ते शुक्रवार त्याच गाडीनं ऑफिसला जायचं आणि शनिवार-रविवारी मागे तंबू, शेगडी, पाण्याचे डबे टाकून रानात मुक्कामाला जायचं. प्रश्न एवढाच की, ऑफिसच्या वाटेवर मोठी गाडी डिझेल-पेट्रोल पिते आणि लावायला जागा मिळत नाही. आणि मुक्कामाला निघालं की मधली अपुरी वाटते.

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, आमच्या घरात तीन महिने याच विषयावर खडाजंगी चालली आहे. फरक इतकाच, की आमच्याकडे ऑफिसच्या जागी टॉवेलचा कारखाना आणि रानातल्या तंबूच्या जागी दिंडीची राहुटी. त्याच खडाजंगीची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. सोलापूर जिल्ह्यात घरटी नसली, तरी गल्लीमागे एक तरी मालवाहू गाडी असतेच. तेव्हा ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं घर साखर पेठेत, कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. कारखाना म्हणजे फार मोठा नव्हे. काही माग आणि शिलाईच्या मशिनी. सकाळी घरून कारखान्यात, तिथून प्रोसेसला, संध्याकाळी तयार गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकून घरी. दिवसाचं धावणं तीस किलोमीटर. आमची जुनी तीनचाकी थकली होती, तेव्हा नवी गाडी घेणं भाग होतं.

दुसरी बाजू वारीची. आषाढीला सारा महाराष्ट्र पंढरपूरला लोटतो. आमच्या गल्लीची दिंडी मात्र माघीला निघते. साठ माणसं. तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा असे मुक्काम करत पाचव्या दिवशी पंढरपूर. चालणारे हाती टाळ आणि खांद्यावर पताका घेऊन मोकळे चालतात. पण त्यांचा संसार मागून गाडीत येत असतो. राहुट्या, ताडपत्र्या, पातेली, शेगड्या, अंथरुणं, शिधा. आजवर आम्ही त्यासाठी टेंपो भाड्यानं घेत होतो.

या 'टेंपो' शब्दाचीही गंमत आहे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेंपो नावाची कंपनी होती. तिची तीनचाकी हॅन्सीट आणि नंतर आलेली मॅटॅडोर इतकी चालली, की आपण कुठल्याही लहान मालगाडीला टेंपो म्हणू लागलो. २००५ साली त्या कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. त्याच वर्षी मे महिन्यात टाटांची एस बाजारात आली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं लहानसं डिझेल इंजिन, सोळा अश्वशक्ती, वजन न्यायचं ७५० किलो. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'छोटा हत्ती'. तीनचाकीवाला माणूस पहिल्यांदाच चार चाकांवर आला, ते या गाडीमुळे. रेडिओवरून कुणाची जाहिरात करायची नाही हे मला ठाऊक आहे, पण ही नावं घेतल्याशिवाय आपल्याकडे या विषयावर बोलताच येत नाही.

दुसऱ्या बाजूला बोलेरो पिकअपसारख्या गाड्या. जीपच्या घराण्यातल्या. सव्वा-दीड टनापासून थेट दोन टनांपर्यंत माल नेणाऱ्या, आठ ते दहा फुटांचा हौदा. मध्ये अशोक लेलँडची दोस्त आहे, २०११ साली आलेली, सव्वा टनाची.

धाकट्या मुलाचं म्हणणं, "आप्पा, घ्यायचीच तर मोठी घेऊ. रोजचं काम होईल, वारीचं सामान एका खेपेत जाईल, आणि थकलेली चार माणसं मागे बसतील. भाड्याची कटकट नको." थोरले दादा म्हणाले, "बरोबर बोलतोय पोरगा." वहिनींचं मत उलट. त्या म्हणाल्या, "पाच दिवसांच्या पाहुण्यासाठी वर्षभर मोठा वाडा भाड्यानं घ्यायचा का?"

आता श्रोतेहो, 'थकलेली चार माणसं मागे बसतील' हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं आणि घरात एकदम शांतता झाली. त्याचं कारण सांगायला हवं. सांगताना मला त्रास होतो, पण ते वगळून हे भाषण करण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षीच्या माघीत आमचा भाड्याचा टेंपो होता, सव्वा टनाचा. तिसऱ्या दिवशी कामती सोडली. ऊन चढलं तशा वयस्कर बायका मागे पडू लागल्या. आमची आत्या त्यात होती. वय पंचाहत्तर. अठ्ठावीस वर्षांत तिची माघी चुकली नव्हती. ती म्हणत होती, "मी येते रे हळूहळू." मीच म्हटलं, "आत्या, बस मागं. पुढच्या मुक्कामाला उतर." सामानावर चवाळं टाकून चौदाजणींना बसवलं. आत्याला हात देऊन मीच वर चढवलं.

माचणूरच्या अलीकडे पुढे म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. गाडी थांबली, पण लगेच थांबली नाही, आणि मागचं सामानही थांबलं नाही. आमटीचं मोठं पातेलं, रिकामंच होतं, ते घसरत आलं आणि आत्याच्या पायावर बसलं. नडगीचं हाड मोडलं. बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं. ड्रायव्हरचा दोष म्हणाल, तर मी देणार नाही. गाडी भरली आम्ही. माणसं चढवली आम्ही.

घरी आल्यावर एकदा मी वही घेऊन बसलो. त्या दिवशी गाडीत किती वजन होतं, ते मांडलं. साठ माणसांची अंथरुणं आणि पिशव्या, माणशी सहा किलो धरले तरी ३६० किलो. शिधा आणि भाजी २५०. भांडी, शेगड्या, सिलिंडर २००. राहुट्या, बांबू, सतरंज्या २५०. पाण्याची पाचशे लिटरची टाकी भरलेली, म्हणजे ५०० किलो. बेरीज १,५६०. त्यावर चौदा माणसं, सरासरी पंचावन्न किलोंची, आणखी ७७०. एकूण २,३३० किलो. गाडी १,२५० किलोंची! जवळजवळ दुप्पट. ब्रेक उशिरा लागला यात नवल ते काय?

पाण्याचं वजन आपल्या लक्षातच येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. पाचशे लिटरची टाकी म्हणजे कांद्याची दहा पोती. आणि वाटेवर प्रत्येक मुक्कामाला पाणी मिळत होतं. आम्ही भरलेली टाकी उगाच गावोगाव फिरवत होतो.

नंतर एका वकील स्नेह्यांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं, ते प्रत्येक दिंडीप्रमुखानं आणि वऱ्हाड नेणाऱ्या प्रत्येक यजमानानं ऐकावं असं आहे. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी, जो मालाबरोबर चाललाय, तो येतो. पण फुकट म्हणा, दया म्हणून म्हणा, मागे बसवलेली माणसं त्यात येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००२मध्ये आशा राणी खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. अपघात झाला, तर त्यांच्या भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या डोक्यावर येऊ शकतो. आपण म्हणतो, 'माणुसकीनं बसवलं.' माणुसकी खरी, पण त्या माणसाच्या जिवाला मागे कसलाच आधार नसतो. ना कठडा, ना पट्टा, ना विमा.

म्हणून घरात पहिला ठराव झाला. गाडी छोटी घ्या की मोठी, हौद्यात माणूस बसणार नाही. हा ठराव झाला आणि मोठ्या गाडीच्या बाजूचा अर्धा मुद्दा आपोआप गळाला. कारण मोठ्या हौद्यातही माणूस बसवायचा नाही तो नाहीच.

मग उरला हिशोब. तो आम्ही रोजच्या कामापासून सुरू केला. आमचा रोजचा माल चारशे किलोंच्या आसपास. सणासुदीला सहाशे. म्हणजे साडेसातशे किलोंची गाडी रोज पुरते. दोन्ही प्रकारच्या गाड्या ओळखीच्यांकडून मागून आठवडाभर चालवून पाहिल्या. आमच्या रस्त्यांवर, आमच्या मालासह छोटी लिटरला सतरा गेली, मोठी बारा. वर्षाचं धावणं अकरा हजार किलोमीटर. डिझेल सोयीसाठी नव्वद रुपये धरलं, तर फरक वर्षाला चोवीस हजारांचा. दोन दरपत्रकांत साडेतीन लाखांचा फरक होता; त्याचा पाच वर्षांचा हप्ता वर्षाला एकोणनव्वद हजार. म्हणजे मोठी गाडी नुसती दारात ठेवायची किंमत वर्षाला १,१३,००० रुपये. वर्षातून दहा वेळा मोठी ऑर्डर निघाली आणि त्या दहा दिवशी पिकअप भाड्यानं घेतली, तरी पंचवीस हजारांत भागतं.

शिवाय दाराशी जागा. वहिनींनी स्वतः टेप धरून मोजली. साडेचौदा फूट. छोटा हत्ती साडेबारा फुटांचा, बसला. मोठी सोळा-सतरा फुटांची. तिचं शेपूट शेजाऱ्यांच्या पायरीपुढे. साखर पेठेत गाडीपेक्षा शेजार टिकवणं अवघड, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

कागदपत्रांचंही पाहा. भरलेल्या गाडीचं एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात आरामात बसतो. मोठ्यांपैकी काही बसतात, काही नाही. लायसनची भीती मात्र काढून टाका. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४मध्ये दिला आहे. आणि जास्त भराल तर दंड किरकोळ राहिलेला नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये, वर दर जादा टनामागे दोन हजार.

रोजच्या कामाचा निकाल लागला. पण वारी? मुलगा म्हणाला, "मग पुन्हा भाड्याचा टेंपो. पाच दिवसांचे बावीस-तेवीस हजार."

आत्या पलीकडे खाटेवर पाय लांब करून शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "अरे, माणसं पायी चालत्यात. गाडीला कसली घाई? दोन खेपा मारा की!"

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. एवढ्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. दोन मुक्कामांत अंतर बारा-पंधरा किलोमीटर. शेवटचा टप्पा काय तो लांब. माणसाला चालायला चार तास. गाडीला जायला अर्धा तास. पहाटे काकडा चालू असताना भांडी, शेगड्या, शिधा आणि राहुट्या घेऊन गाडीनं पुढे जायचं, माणसं उतरवून घ्यायची नाहीत कारण ती नाहीतच. सामान उतरवायचं आणि परत यायचं. तोवर मंडळींच्या आंघोळी होऊन अंथरुणं गुंडाळून तयार. दुसऱ्या खेपेला अंथरुणं, पिशव्या, सतरंज्या. दिंडी मुक्कामाला पोचते तेव्हा राहुट्या उभ्या आणि चूल पेटलेली. पूर्वी एका खेपेत सगळं नेताना गाडी दिंडीच्या मागून यायची आणि जेवणाला दुपारचे तीन वाजायचे!

पुन्हा वही काढली. पाणी पाचशेवरून शंभर लिटरवर आणलं. दोन दिवसांचा शिधा कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर भागवला. ना भाकरीला वजन, ना नासण्याची भीती. सामान ११०० किलोंच्या आसपास आलं. दोन खेपांत साडेपाचशे-साडेपाचशे. छोट्या हत्तीच्या आवाक्यातलं. जादा धावणं धरून पंढरपूरपर्यंतचं डिझेल तेराशे रुपयांचं.

थकलेल्यांसाठी प्रवासी पासिंगची गाडी पाच दिवस भाड्यानं घ्यायची, हे ठरलं. त्याचे वीस हजार दिंडीच्या वर्गणीतून. काहींनी कुरकुर केली. दादा म्हणाले, "पताकांना दरवर्षी नवं कापड घेतो, तेव्हा कुणी कुरकुरत नाही." मग कुणी बोललं नाही.

यंदाच्या माघीत हा प्रयोग पार पडला. सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या दिवशी दुसरी खेप उशिरा आली, कारण दोघांनी अंथरुणंच बांधली नव्हती. मंगळवेढ्याहून पंढरपूरचा टप्पा वीस-पंचवीस किलोमीटरचा, आणि गावाजवळ गर्दी. तिथे परत येताना गाडीला दीड तास लागला. पुढच्या वर्षी त्या दिवशी पहाटे एक तास आधी निघायचं ठरलंय. पण कुणाला खरचटलं नाही.

आता ऐकणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, चला, छोटीच घ्यावी. थांबा. हा आमचा हिशोब आहे. सांगोल्याचा डाळिंबवाला किंवा मोहोळकडचा कांदावाला माझ्या नादी लागला, तर बुडेल. पन्नास किलोंची पोती धरली, तर साडेसातशे किलो म्हणजे पंधराच पोती. ज्याला हंगामात रोज तीस पोती चाळीस किलोमीटरवरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात न्यायचीत, त्यानं दोन खेपा मारायच्या म्हणजे सौदा हुकायचा. त्याला मोठीच हवी. पुण्याला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्यालाही मोठीच बरी. अडीचशे किलोमीटर हायवेवर ट्रेलरच्या बाजूनं लहान गाडी हाकणं जिकिरीचं असतं. साधा ठोकताळा असा, की वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस हौदा भरत असेल, तर मोठी घ्या. दहा-पंधरा दिवसच भरत असेल, तर छोटी घ्या आणि त्या दिवसांसाठी खेपा वाढवा किंवा भाड्यानं आणा.

आणि छोटी घेऊन मोठीचं काम करून घेऊ नका. आपल्याकडे गॅरेजला जाऊन एक जादा पाटा टाकून घेतात आणि मग बिनधास्त टनभर भरतात. पाट्यानं गाडी बसत नाही, एवढंच. पाटा वाढला म्हणून ब्रेक वाढत नाही, टायर जाड होत नाही. दुसरं, आरसीवर भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं, अशी दोन वजनं असतात. त्यांतला फरक तो तुमचा माल. त्यातच वरून ठोकलेला लोखंडी सांगाडा, ताडपत्री, स्टेपनीशेजारची हत्यारांची पेटी, सगळं धरायचं. शंका असेल, तर वजनकाट्यावर जा. काट्याची पावती काही रुपयांत मिळते. आम्ही गेल्या वर्षी ती घेतली असती, तर आत्या आज काठीशिवाय चालली असती.

पुतण्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तिकडे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कागद चिकटवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्यापेक्षा जास्त वजन नको, असा. त्यानं माणसं, कुत्रा, तंबू, पाणी, सगळं मांडून पाहिलं. मुक्कामाला जायचे दिवस वर्षाला वीस. मोठी गाडी एकोणीस फुटांच्या वर. त्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ती रेषेबाहेर येत होती. त्यानं मधली घेतली. मला म्हणाला, "काका, साखर पेठ आणि टेक्सास, हिशोब एकच."

यंदा दिंडी निघायच्या दिवशी आत्या उंबऱ्याशी उभी होती. निरोप द्यायला आली असेल, असं मला वाटलं. पाहतो तर काखेत पिशवी, गळ्यात तुळशीची माळ. भाड्याच्या गाडीची पुढची सीट तिच्यासाठी राखली होती. मी हात पुढे केला. ती म्हणाली, "राहू दे. इथं पायरी आहे." आणि आपली आपण चढली. पट्टा तेवढा मला लावायला सांगितला.